काका, कविता नंतर लिहा

माझं काम चेहरे झाकायचं. ऐकायला गुप्तहेरासारखं वाटतं, पण तसलं काही नाही. वाहतूक विभागाच्या इमारतीत जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथे बिघडलेल्या सिग्नलचे दिवे टाकायचे, आता दारावर 'समाजमाध्यम कक्ष' अशी पाटी आहे. आत आम्ही तिघं: साहेब, मजकूर लिहिणाऱ्या मावशी आणि मी. खिडकी नाही. पंखा आहे, तो वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देतो.

आमची पद्धत अशी. वरच्या मजल्यावर नियंत्रण कक्षात भिंतभर पडदे आहेत, त्यांवर चौकाचौकांतले कॅमेरे दिसतात. कुणी पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर गाडी उभी केली, कुणी स्कूटरवर कपाट वाहून नेलं, की वरचे लोक ते चित्र थांबवून खाली आम्हाला पाठवतात. मावशी त्याला एक खुसखुशीत ओळ लावतात. मी माणसाच्या चेहऱ्यावर पिवळा गोळा ठेवतो, म्हणजे ओळख पटू नये, आणि त्या गोळ्यावर हाताने डोळे-तोंड काढतो. नियम मोडणारा माणूस कोण ते कळत नाही, पण त्याच्या मनात काय चाललंय ते कळतं. लोकांना हे फार आवडलं. नुसती 'सिग्नल पाळा' अशी सूचना टाकायचो तेव्हा चिटपाखरू फिरकत नव्हतं, गोळे आले आणि सहा लाख लोक जमा झाले. ऑफिसात मला पिवळ्या म्हणतात. घरीसुद्धा आता तेच नाव चालतं, बायको फोनवर मैत्रिणींना सांगते, आमचे पिवळ्या अजून यायचेत.

मला एका जागी बसवत नाही. पाय हलत राहतो, त्याने टेबल हलतं, टेबलाने मावशींचा चहा हलतो आणि मावशी ओरडतात. साहेब कधी ओरडत नाहीत. ते दर तासाला फक्त विचारतात, 'किती लोकांनी पाहिलं?' आकडा मोठा असला की त्या दिवशी ते डब्यातलं अर्धं आम्हाला देतात.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास वरून एक चित्र आलं. चार रस्त्यांच्या चौकात, पट्ट्यांच्या बरोबर मधे एक म्हातारा उभा. चौकड्यांचा शर्ट, खांद्याला खाकी पिशवी, डाव्या हातात छोटी वही आणि उजव्या हातात पेन. पादचाऱ्यांचा दिवा कधीच लाल झालेला. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा, एक जण दार उघडून बाहेर आलेला. आणि हे गृहस्थ मान वर करून समोरच्या इमारतीकडे बघत, जणू घरच्या अंगणात असल्यासारखे, वहीत काहीतरी टिपत होते.

मावशींनी चहाचा घोट घेतला आणि लिहिलं, 'काका, कविता नंतर लिहा, आधी रस्ता ओलांडा.' मी हसलो, साहेब हसले. मी गोळा काढला: एक डोळा मिटलेला, जीभ ओठाच्या कोपऱ्यात, शब्द जुळत नसलेल्या कवीचा. खोटं कशाला बोलू, तो गोळा मला स्वतःला फार आवडला होता. मग नियमाप्रमाणे मूळ चित्रावरच तो कायम केला आणि जुनी प्रत पुसली. आमच्याकडे कुणाचाही उघडा चेहरा ठेवायचा नाही, हा नियम मीच साहेबांच्या गळी उतरवला होता. उद्या कुणी दावा लावला तर नसती बला नको.

संध्याकाळपर्यंत दोन लाख लोकांनी ते चित्र उचलून धरलं. साहेबांचा अख्खा डबा आम्हाला मिळाला.

मंगळवारी साडेअकराला एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चाळिशीच्या असतील. बोटांना पांढरी भुकटी लागलेली, कपाळावर चष्मा. कुणाला भेटायचंय असं मावशींनी विचारलं तर त्यांनी फोन पुढे केला. त्यावर आमचं ते चित्र होतं.

"हा पिवळा गोळा काढता येतो का?" त्यांनी विचारलं.

साहेबांना वाटलं, तक्रार आली. ते ताठ बसले. "हे बघा बाई, चेहरा दिसत नाही, त्यामुळे बदनामीचा प्रश्नच येत नाही. आपण जनजागृतीसाठी—"

"बदनामीचं नाही हो. हे माझे वडील आहेत. काल सकाळपासून घरी आलेले नाहीत."

माझा पाय थांबला. मावशींनी खुर्ची पुढे सरकवली, पण बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं ते असं. त्या चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. घरी त्या आणि वडील दोघंच. वडिलांची आठवण दोन वर्षांपासून जायला लागली आहे. दिवसा शेजारच्या काकू त्यांच्यापाशी बसतात. काल काकू कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि परत येईतो दार उघडं. पोलीस चौकीत तक्रार लिहून झाली होती, पण द्यायला फोटो होता तो सहा वर्षांपूर्वीचा, मिशीवाला, गुबगुबीत. आता मिशी नाही आणि अंगावर मांसही नाही. रजा मिळाली नाही म्हणून आज त्या दुकानात गेल्या, तर मालकांचा मुलगा फोन बघून हसत होता. यांनी सहज डोकावलं आणि शर्ट ओळखला.

"खिशाला आतून दुसरा कप्पा मीच शिवलाय, पेन पडतं म्हणून. त्यांना साखर आहे, रक्तदाब आहे. मागच्या वर्षी एका दिवसाच्या गोळ्या चुकल्या तर न्हाणीघरात पडले होते. आता दोन दिवस होतील."

"ताई, गोळा नाही निघणार," मी म्हणालो. "मी जुनी प्रत पुसली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी जिना चढून नियंत्रण कक्षात गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं, मूळ चित्रीकरण हवं असेल तर उपप्रमुखांच्या सहीचं पत्र लागतं आणि उपप्रमुख गुरुवारपर्यंत परगावी आहेत, रस्ते सुरक्षेच्या परिषदेला. मी म्हणालो, माणूस हरवलाय. त्या म्हणाल्या, मला कळतंय हो, पण माझ्या हातात काय आहे? कळतंय सगळ्यांना, हातात कुणाच्याच काही नसतं. मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आलो.

साहेब तोवर तोडगा काढून बसले होते. "चित्र काढून टाकायचं नाही. विभागाच्या इतिहासात एवढं काही चाललेलं नाही. त्याच्याच खाली लिही, हे गृहस्थ बेपत्ता आहेत, दिसल्यास कळवा."

मी लिहिलं. मिनिटभरात उत्तरं यायला लागली. 'यमक शोधायला गेले असतील.' 'बेपत्ता नाहीत, प्रतिभेच्या प्रांतात आहेत.' एकाने विभागाचं कौतुक केलं, की सरकारी खातं असूनही विनोद ताणावा कसा ते तुमच्याकडून शिकावं.

मग बाईंच्या फोनमधला मिशीवाला फोटो घेऊन मी नवी सूचना केली. आमच्या प्रत्येक चित्राला पिवळी चौकट असते, ती आपोआपच लागते. खाली बाईंचा नंबर नको म्हणून माझा दिला. लोकांनी लिहिलं, 'भाग दोन आला रे.' 'काकांचा तरुणपणीचा फोटो भारी.' पहिला फोन आला तेव्हा मी धडपडत उचलला, तर पलीकडे चार पोरी खिदळत होत्या, त्यांना काकांची कविता ऐकायची होती. दुसरा फोन एका माणसाचा, त्याने स्वतःचीच कविता ऐकवली. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणून मी ती ऐकत राहिलो. म्हटलं, शेवटी तरी काही सांगेल.

तिसऱ्या वेळी मी चौकट काढली, रंग काढला, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत लिहिलं, की हा विनोद नाही. अर्ध्या तासात दोनशे बारा जणांनी पाहिलं. सहा लाखांतले दोनशे बारा. साधी गोष्ट साधेपणाने सांगितली तर लोकांच्या पडद्यावर ती येतच नाही, हे मला ठाऊक होतं. यावरच तर माझं पोट चालतं.

"मला काही कळेनासं झालंय," बाई म्हणाल्या. "एवढ्या लोकांनी बघितलंय त्यांना. मग कुणी सांगत का नाही?"

मला स्वतःची शिसारी आली. दोन लाख हा आकडा कालपासून मी दहा जणांना सांगितला होता, सासऱ्यांना तर फोन करून.

त्या चित्राखाली चार हजारांवर प्रतिक्रिया होत्या. त्या आम्ही कधी वाचत नाही. त्यासाठी विभागाने एक यंत्रणा घेतली आहे, ती सगळं चाळून फक्त निष्कर्ष देते. त्या दिवशीचा निष्कर्ष पडद्याच्या कोपऱ्यात होता: 'आनंदी, चौऱ्याण्णव टक्के.' मी तो बाजूला सारला आणि पहिल्या प्रतिक्रियेपासून वाचायला बसलो. मावशींनी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. साहेबांनी विचारलं, हे काय करताय, तर मावशींनी त्यांना चहा आणायला पाठवलं. ते गेलेही.

कुठे कविता, कुठे टिंगल, कुठे त्या चौकात आपण तासभर कसे अडकलो याचं रडगाणं. डोळे दुखायला लागले. आणि मग मावशी हळूच म्हणाल्या, "हे बघ रे."

कुणीतरी फोटो टाकला होता. बसथांब्यावर दोन कॉलेजच्या मुली, मधे चौकड्यांचा शर्ट. उघडा चेहरा. बारीक, खप्पड गालांचा, गोंधळलेला म्हातारा. खाली लिहिलं होतं, 'आम्हाला खरे कवी काका भेटले.' सोमवार, दुपारी दोन.

एकदा नजर बसल्यावर आणखी सापडले. सोमवारी संध्याकाळी पाचला एका औषधाच्या दुकानासमोर, दुकानदाराचा हात त्यांच्या खांद्यावर. 'काकांची ताजी कविता: चार, सात, दोन, शून्य. काय खोली आहे.' मंगळवारी सकाळी सातला एका इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेले, शेजारी रखवालदार दोन बोटं वर करून. शर्ट बाहेर आलेला. आणि मंगळवारी बारा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे तासाभरापूर्वी, गळ्यात ओळखपत्रं घातलेली तीन तरुण पोरं. मधे काका. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली.

ताईंनी पडद्यावर बोट ठेवून चित्र मोठं केलं. "उजव्या पायात चप्पल नाही," त्या म्हणाल्या. चित्र चेहऱ्यांकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "आणि हे सगळे हसतायत."

काकासुद्धा हसत होते. ते मी त्यांना दाखवलं नाही, पण त्यांना दिसलंच असणार.

"कविता नाही ही," औषधाच्या दुकानाचा फोटो पुन्हा बघत त्या म्हणाल्या. "रीडिंग आहे. बाबा वीज कंपनीत मीटर रीडर होते. चौतीस वर्षं. इमारतीत शिरायचं, मीटर बघायचं, आकडा लिहायचा, पुढे जायचं. रस्त्यात ते वरच्या मजल्यांकडे का बघत होते माहितीये? किती घरांत माणसं राहतात ते मोजत असणार. कुठे दिवे, कुठे पडदे, त्यावरून मोजायचे ते."

मी शहराचा नकाशा उघडला आणि मागे दिसणाऱ्या पाट्यांवरून चार फोटोंच्या जागी चार खुणा केल्या. आमच्याकडे काही नसलं तरी नकाशा उत्तम आहे. ताई खुर्चीत बसल्या, पहिल्यांदाच. त्यांनी खुणांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"हा त्यांचा सोमवारचा भाग. थांब्यापासून सुरू, या पायऱ्यांपाशी संपतो. सुट्टीत मी जायचे त्यांच्याबरोबर, ते आकडा सांगायचे, मी लिहायचे. आणि हा चौथा आहे ना, इथून मंगळवारचा सुरू होतो. कालव्याकाठची पहिली इमारत." त्या उठल्याच. "ते कामावर गेलेत. पुढे बारा इमारती आहेत. मला पाठ आहेत."

मी हेल्मेट उचललं.

"ऑफिसच्या वेळेत कुठे?" साहेबांनी विचारलं. हातात चहाचे तीन कप होते.

"मी ते चित्र उतरवते आता," मावशी म्हणाल्या. "साहेब, मला निवृत्तीला चार महिने राहिलेत, काय कारवाई करायची ती करा. माझ्या ओळीने जायला नको कुणाचा बाप."

"उतरवू नका," मी म्हणालो. हे मलाच म्हणावं लागलं. "लोक त्याच्याखालीच फोटो टाकतायत. वाचत राहा. नवीन दिसला की मला फोन करा."

कधी न पाहिलेली मावशी पाहिली मी त्या वेळी. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि त्या चित्रासमोर बसल्या.

माझ्या स्कूटरला आधी दोनदा लाथ मारावी लागते, मग ती चालते. त्या दिवशी पाच मारल्या. कालव्याच्या रस्त्याला लागलो तर पुढे वाहनं तुंबलेली, दोन किलोमीटरभर. वाहतूक विभागाचं ओळखपत्र गळ्यात असून मी वाहतुकीत अडकलो होतो. मागे बसलेल्या ताई इमारतींची नावं पुटपुटत होत्या. एका ठिकाणी मी पदपथावर स्कूटर चढवली. वर कॅमेरा होता. म्हटलं, काढा माझा फोटो, लावा गोळा.

पहिल्या इमारतीत कुणी नव्हतं. दुसरी पाडून तिथे वाहनतळ झाला होता. तिसऱ्या इमारतीत मीटर जिन्याखालून काढून बाहेर पेटीत नेले होते. ताई पेटीपाशी थांबल्या, उगाचच तिला हात लावला आणि पुढे पळाल्या. चौथीत एक आजोबा म्हणाले, हो, कुणीतरी आलं होतं, दार वाजवून मीटर कुठेय विचारत होतं, मी चोर समजून हाकललं. पाचव्या इमारतीचा रखवालदार हसतच पुढे आला.

"कवी काका ना? आले होते की. मीटर बघायचेत म्हणाले. मी म्हटलं, काका, आता मीटर तिकडे कंपनीत बसून वाचतात. आमच्या सेक्रेटरींच्या मुलीने फोटोसुद्धा काढला त्यांच्याबरोबर. तिने बिस्किटाचा पुडा दिला."

"खाल्ला त्यांनी?" ताईंनी विचारलं.

"पिशवीत ठेवला. घरी पोरगी आहे म्हणाले."

ताई गेटच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. मी रखवालदाराला म्हणालो, अहो, माणसाच्या पायात एक चप्पल नाही, तो भलत्याच ठिकाणी मीटर शोधतोय, तुम्हाला काहीच वाटलं नाही? तो ओशाळला. "मला वाटलं, तुमचंच काहीतरी चाललंय. जाहिरात वगैरे. सरकारीच आहे ना ते?"

मी स्कूटरकडे वळलो.

तेवढ्यात मावशींचा फोन. "नवीन आलाय. वीस मिनिटं झाली. निळं फाटक आहे मागे, दोन बायका आहेत. पिवळ्या, ते उभे नाहीत रे. भिंतीला टेकून बसलेत आणि या वाकून फोटो काढतायत." मावशींनी खालची ओळ वाचली. "एकीने लिहिलंय, प्रेरणेच्या प्रतीक्षेत."

"निळं फाटक," मी म्हणालो.

"अकरावी," ताई म्हणाल्या. "तळघरात मीटर आहेत तिथे. चला."

निघतो तोच साहेबांचा फोन. मला वाटलं, कामावर परत ये म्हणणार. तर आवाज एकदम मऊ. "कुठवर आलंय? हे बघ, सापडले की लगेच एक फोटो घे. बापलेक, शेजारी तू. पुढचं मी बघतो. 'वाहतूक विभागाने घडवली भेट.' कालच्यापेक्षा जास्त चालेल. तिकडे प्रकाश बरा आहे ना?"

"साहेब, माणूस अजून सापडायचाय."

"सापडेल रे. मागे आपली गाडी येईल असं बघ."

"मागे माझी स्कूटर आहे."

"मग स्कूटर नको घेऊस," साहेब म्हणाले. लोकांचा जीव जातो आणि यांना पार्श्वभूमीची काळजी. फोन फेकून द्यावासा वाटला, पण मावशी त्याच फोनवर येणार होत्या. मी तो खिशात कोंबला.

निळं फाटक उघडंच होतं. भिंतीपाशी कुणी नव्हतं. जमिनीवर एक डाव्या पायाची चप्पल होती. ताईंनी ती उचलली, झटकली आणि हातात घट्ट धरून तळघराच्या पायऱ्या उतरायला लागल्या. मी मागे. खाली काळोख, ओल आणि मीटरांची बारीक गुणगुण. दिव्याचं बटण सापडेना.

"बाबा," ताईंनी हाक मारली. उत्तर नाही. "बाबा, मी आलेय."

कोपऱ्यात कापडाची सळसळ झाली. मी फोन काढून त्याचा दिवा लावला.

ते मीटरांच्या रांगेखाली फरशीवर बसले होते. ओठ कोरडे पडलेले, कपाळावर घाम, वही मांडीवर. जिवंत होते. ताई त्यांच्यापाशी गुडघ्यांवर बसल्या, गालाला हात लावला, पाण्याची बाटली तोंडाशी धरली. दोन घोट त्यांनी घेतले. मी तिथूनच रुग्णवाहिकेला फोन लावला आणि पत्ता सांगितला. बोलताना दिवा त्यांच्यावर होता.

ताईंना त्यांनी ओळखलं की नाही ते मला सांगता येणार नाही. त्यांची नजर माझ्या हातातल्या फोनवर होती. मीटरांच्या पेटीला धरून ते उठायला लागले. ताई म्हणाल्या, बसा बाबा, बसा. ते ऐकेनात. भिंतीला पाठ लावून सरळ उभे राहिले. शर्ट पँटमध्ये खोचला, केसांवरून हात फिरवला.

"काढा," ते मला म्हणाले. "पण लवकर काढा. मग घरी सोडाल ना?"

मी फोन थोडा खाली केला.

"सगळे म्हणतात, आधी फोटो काढू काका, मग सोडतो. फोटो काढतात आणि जातात." त्यांनी तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं. "तुम्ही सोडा हं. मुलगी वाट बघतेय."

म्हणजे त्या प्रत्येकाला त्यांनी विचारलं होतं. कॉलेजच्या मुलींना, दुकानदाराला, रखवालदाराला, त्या वाकलेल्या बायकांना. दोन दिवस ते भेटेल त्याला घरी सोडा म्हणत होते, आणि माझा गोळा बघितलेला एकेक जण त्यांच्याशेजारी उभा राहून हसत होता.

"फोटो नाही काढायचा काका," मी म्हणालो आणि दिवा विझवला. "आम्ही तुम्हाला घरीच न्यायला आलोय. चला."

अंधारात ते एकदम घाबरले. "फोटो नाही? मग नेणार नाही तुम्ही?" त्यांचा हात भिंतीवर काहीतरी चाचपायला लागला. "काढा ना. मी नीट उभा राहतो. काढा ना हो."

"बाबा, खरंच नेणार आहोत," ताई म्हणाल्या. "मी आहे ना."

"आधी फोटो," ते म्हणाले. पाय जागचे हलवेनात. ताईंनी हात धरून ओढलं, तर आणखीच भिंतीला चिकटले. वर रस्त्यावर रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू यायला लागला होता. ताईंनी त्यांचा हात सोडला. मग म्हणाल्या, "काढा हो तुम्ही. त्याशिवाय यायचे नाहीत ते."

मी पुन्हा दिवा लावला. ते तयारच होते. ताईंना त्यांनी हाताने खूण करून शेजारी उभं राहायला सांगितलं, अनोळखी माणसाला सांगावं तसं, अदबीने. ताई उभ्या राहिल्या, हातात चप्पल. मी फोन वर धरला. हसा म्हणायची गरजच पडली नाही, हसायचं ते शिकले होते.